वाचकांचे प्रश्न : रेटिंगचे गणित

बुद्धिबळ, ऑनलाइन गेम आणि सांघिक खेळ यांतील रेटिंगविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकाच स्वरूपाचे प्रश्न एकत्र केले आहेत, आणि ज्यांचे उत्तर चार ओळींत संपते तेथे उगाच लांबण लावलेली नाही.

प्रश्न : सात फेऱ्यांच्या एका बुद्धिबळ स्पर्धेत 7 पैकी 5.5 गुण मिळवून मी पहिला आलो. माझे रेटिंग 1850 आहे आणि माझे जवळजवळ सगळे प्रतिस्पर्धी 1500 च्या आसपासचे होते. स्पर्धेनंतर माझे रेटिंग 14 गुणांनी कमी झाले. पहिला क्रमांक मिळवूनही गुण कापले जातात, हा कुठला न्याय?

उत्तर : आपल्या तक्रारीच्या मुळाशी एक समजूत आहे आणि ती फार पसरलेली असल्यामुळे तिच्यापासूनच सुरुवात करू. रेटिंग म्हणजे चांगल्या खेळाबद्दल मिळणारे बक्षीस, असे आपण धरून चालतो. साहजिकच जिंकल्यावर ते वाढलेच पाहिजे, अशी आपली अपेक्षा असते. वस्तुतः रेटिंग हा पुढच्या निकालांविषयीचा अंदाज असतो. निकाल हाती आल्यावर त्या अंदाजात जी दुरुस्ती केली जाते, तिलाच आपण गुण मिळणे किंवा गुण कापले जाणे म्हणतो.

हा अंदाज कसा बांधला जातो ते पाहू. बुद्धिबळातील रेटिंग ज्या एलो पद्धतीने काढतात, तिच्यात दोन खेळाडूंच्या रेटिंगमधील फरकावरून प्रत्येकाचे ‘अपेक्षित गुण’ ठरतात. विजयाला 1, बरोबरीला अर्धा आणि पराभवाला 0 गुण धरले जातात. फरक शून्य असेल तर दोघांकडून अर्ध्या-अर्ध्या गुणाची अपेक्षा असते. फरक 400 असेल तर गुणांची वाटणी 10 विरुद्ध 1 अशी होईल, म्हणजे 11 डाव झाले तर वरच्याला 10 आणि खालच्याला 1 गुण मिळेल, असे सूत्र सांगते. मधल्या फरकांसाठी 10 चा घातांक त्या प्रमाणात कमी होत जातो : 100 गुणांच्या फरकाला वरच्याकडून दर डावामागे 0.64 आणि 200 च्या फरकाला 0.76 गुणांची अपेक्षा असते. डाव संपला की प्रत्यक्ष गुणांतून अपेक्षित गुण वजा करायचे आणि उरलेल्या संख्येला ‘के’ नावाच्या गुणकाने गुणायचे. येणारे उत्तर जुन्या रेटिंगमध्ये मिळवले की नवे रेटिंग तयार होते. सारे यंत्र एवढेच आहे.

आता आपली स्पर्धा घ्या. 350 गुणांच्या फरकाला दर डावामागे सुमारे 0.88 गुण अपेक्षित असतात, म्हणजे 7 डावांत जवळजवळ 6.2. आपण मिळवले 5.5. उणीव 0.7 गुणांची झाली आणि आपला ‘के’ 20 असल्यामुळे 14 गुण गेले. आयोजकांनी आपल्याला चषक दिला, कारण हजर असलेल्यांत आपण सर्वांत पुढे होता. रेटिंगच्या गणिताला मात्र स्पर्धेतील क्रमांक दिसतच नाही. त्याला एवढेच दिसले की ज्या खेळाडूंविरुद्ध 1850 च्या माणसाने जवळपास सव्वासहा गुण घ्यायला हवे होते, त्यांच्याविरुद्ध आपण साडेपाच घेतले.

या बाबतीत आपण एकटे नाही, आणि आपली सोबत फार मोठी आहे. 1972 च्या जगज्जेतेपदाच्या लढतीपूर्वी बॉबी फिशर यांचे रेटिंग 2785 आणि बोरिस स्पास्की यांचे 2660 होते. 125 गुणांच्या या फरकाला फिशर यांच्याकडून सुमारे 67 टक्के गुणांची अपेक्षा होती. दुसऱ्या डावाला फिशर आलेच नाहीत. तो सोडला तर पटावर 20 डाव खेळले गेले. त्यांत फिशर यांनी 7 जिंकले, 2 गमावले, 11 बरोबरीत सोडवले आणि एकूण 12.5 गुण घेतले. अपेक्षा सुमारे 13.4 गुणांची होती. ते जगज्जेते झाले, आणि पुढच्या वर्षीच्या यादीत त्यांच्या नावापुढे 2780 हा आकडा होता.

प्रश्न : ही पद्धत कोणी शोधली, आणि सूत्रातील 400 हा आकडा आला कुठून? तो 500 का नाही?

उत्तर : आर्पाद एलो हे 1903 मध्ये हंगेरीत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते, मिलवॉकी येथील मार्केट विद्यापीठात ते शिकवत आणि स्वतः बुद्धिबळाचे चांगले खेळाडू होते. अमेरिकी बुद्धिबळ महासंघात तेव्हा केनेथ हार्कनेस यांची एक जुळवाजुळवीची पद्धत चालू होती. तिच्यात काही वेळा विचित्र निकाल येत, म्हणून एलो यांच्याकडे नव्या पद्धतीचे काम आले. महासंघाने त्यांची पद्धत 1960 मध्ये स्वीकारली आणि जागतिक संघटना असलेल्या फिडेने 1970 मध्ये.

एलो यांचे गृहीतक साधे होते. प्रत्येक खेळाडूची एक सरासरी ताकद असते, पण प्रत्यक्ष डावातील कामगिरी त्या सरासरीच्या खाली-वर होत राहते. या चढ-उताराचे प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून साधारणपणे पडणारे अंतर, त्यांनी सर्वांसाठी 200 गुण मानले. हे 200 निसर्गातून आलेले नाहीत. अमेरिकी महासंघातील खेळाडूंचे वर्ग आधीपासूनच दोन-दोनशे गुणांच्या अंतराने पाडलेले होते, आणि लोकांना सवयीच्या असलेल्या आकड्यांशी नवी पद्धत जुळावी, एवढाच व्यवहारी विचार त्यामागे होता. नंतर गणिताला सोयीचे असे 10 च्या घाताचे सूत्र रूढ झाले आणि त्यात 400 घातले की एलो यांच्या मूळ गृहीतकातून निघणाऱ्या वक्राशी ते बरेच जुळते, म्हणून 400. आपण 500 घेतले असते तरी काही बिघडले नसते. फक्त सर्वांची रेटिंग थोडी ताणल्यासारखी दूरदूर दिसली असती. त्याचप्रमाणे उद्या सर्वांच्या रेटिंगमध्ये 1000 मिळवले तरी एकाही डावाचा अंदाज बदलणार नाही. अर्थ असतो तो दोन आकड्यांतील फरकाला. सुट्या आकड्याला नव्हे.

एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. जोड्यांच्या तुलनेवरून ताकद काढण्याची कल्पना एलो यांच्या आधीची आहे. अर्न्स्ट त्सेर्मेलो या गणितज्ञाने 1929 मध्ये बुद्धिबळ स्पर्धांसाठीच ती मांडली होती, आणि 1952 मध्ये राल्फ ब्रॅडली व मिल्टन टेरी यांनी तिला संख्याशास्त्रात आजचे रूप दिले. एलो यांचे श्रेय असे की प्रत्येक डावानंतर पेन्सिलीने करता येईल इतकी सोपी दुरुस्ती त्यांनी काढली आणि ती प्रत्यक्षात राबवून दाखवली. दोन चॅटबॉटची उत्तरे शेजारी-शेजारी ठेवून लोकांचा कौल घेणाऱ्या आणि त्यावरून क्रमवारी लावणाऱ्या हल्लीच्या याद्यांमागेही हेच जुने गणित आहे.

प्रश्न : माझ्या मुलीचे रेटिंग एका स्पर्धेत 90 गुणांनी उसळते आणि पुढच्या स्पर्धेत तितकेच कोसळते. माझे मात्र वर्षभरात पाच-दहा गुणांपलीकडे हलत नाही. शिवाय त्याआधी एकदा माझे 60 गुण गेले होते, ते का गेले हे मला अजून उमगलेले नाही.

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर ‘के’ मध्ये आहे. फिडेच्या नियमांनुसार नव्या खेळाडूचे 30 डाव पूर्ण होईपर्यंत त्याचा ‘के’ 40 असतो. 18 वर्षांखालील खेळाडूंनाही रेटिंग 2300 च्या खाली असेपर्यंत 40 लागू होतो. इतरांसाठी तो 20 असतो, आणि एकदा 2400 गाठले की कायमचा 10 होतो, मग नंतर रेटिंग घसरले तरी चालेल. नव्या किंवा वाढत्या वयाच्या खेळाडूविषयीचा जुना अंदाज लवकर शिळा होतो, म्हणून ताज्या निकालांना अधिक वजन द्यायचे, हा त्यामागचा हेतू आहे. त्याची किंमत म्हणजे आकडा डळमळीत राहतो. म्हणजे ‘के’ मोठा ठेवला की रेटिंग खऱ्या सुधारणेमागे चपळाईने जाते, पण योगायोगाच्या मागेही तितक्याच चपळाईने जाते. दोन्ही सुखे एकाच वेळी मिळत नाहीत.

दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. समजा एखाद्या खेळाडूची खरी ताकद वर्षानुवर्षे तसूभरही बदललेली नाही आणि तो आपल्या बरोबरीच्या लोकांशी खेळतो आहे. तरीही केवळ निकालांच्या योगायोगामुळे त्याचे रेटिंग खऱ्या पातळीभोवती हेलकावे खात राहील. ‘के’ 20 असताना या हेलकाव्यांचे प्रमाण विचलन सुमारे 40 गुण येते. ‘के’ 40 असेल तर सुमारे 60. हे आकडे बरोबरी न होणाऱ्या डावांसाठीचे आहेत. बरोबऱ्या बऱ्याच होत असतील तर ते थोडे कमी होतील. याचा अर्थ असा की खऱ्या पातळीच्या 40 वर किंवा 40 खाली असणे ही आपली नेहमीची अवस्था आहे, आणि कधीतरी 80 गुणांनी बाजूला जाणेही नवलाचे नाही. आपले 60 गुण का गेले, याचे कारण आपल्या सलामीत किंवा झोपेत शोधण्याआधी, कारण काहीच नसण्याची शक्यता गंभीरपणे घ्यावी, अशी माझी सूचना आहे.

दोन खेळाडूंमधील फरक मोजायला किती डाव लागतात, याचाही लोकांना अंदाज नसतो. दोघांनी आपापसांत 100 डाव खेळावे आणि निकाल 55–45 लागावा. यावरून पहिला 35 गुणांनी सरस आहे, असे सूत्र म्हणेल. पण डाव बरोबरीत सुटत नसतील तर या 35 मधील संभाव्य चूकही जवळजवळ 35 गुणांचीच आहे. शंभर डावांनंतर ही स्थिती! बुद्धिबळाच्या संगणक-आज्ञावलीतील छोटी सुधारणा खरोखर सुधारणा आहे का, हे ठरवण्यासाठी तिचे निर्माते हजारो डाव खेळवतात, ते याच कारणाने. स्पर्धेतील नऊ फेऱ्यांवरून आपल्या खेळाविषयी निष्कर्ष काढणारे आपण सगळे त्या मानाने फारच धाडसी आहोत.

प्रश्न : एका संकेतस्थळावर माझे रेटिंग 1900 आहे, दुसऱ्यावर 1650 आणि फिडेचे 1580. यांतले खरे कोणते?

उत्तर : तिन्ही, आपापल्या जागी. रेटिंग नेहमी विशिष्ट खेळाडूंच्या समूहातच अर्थपूर्ण असते. एका संकेतस्थळावर नवागताला 1500 पासून सुरुवात मिळते, दुसऱ्यावर त्याहून खालून. एकीकडे येणारे लोक सरावलेले, दुसरीकडे बरेचसे नवशिके. वेळेची मर्यादाही वेगळी. या समूहांमध्ये पुरेशी ये-जा नसल्यामुळे त्यांच्या मोजपट्ट्या आपोआप जुळत नाहीत. ‘अमुक संकेतस्थळाच्या रेटिंगमधून 250 वजा करा’ अशी जी कोष्टके फिरत असतात, ती सरासरीपुरती ठीक आहेत. एका माणसाविषयी ती फारसे काही सांगत नाहीत.

प्रश्न : काही महिने न खेळता परत आल्यावर माझ्या ऑनलाइन रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह दिसू लागले आणि पहिल्याच पराभवाला नेहमीच्या कितीतरी पट गुण गेले. ही शिक्षा आहे का?

उत्तर : शिक्षा नाही. आपल्याविषयी पद्धतीला वाटणारी खात्री कमी झाली आहे, एवढेच तिने कबूल केले आहे.

एलो पद्धतीतील मोठी उणीव ही की तिला 1500 हा आकडा माहीत असतो, पण त्या आकड्यावर किती विसंबावे हे माहीत नसते. पाच वर्षे सातत्याने खेळून 1500 वर असलेला आणि काल पाच डाव खेळून 1500 झालेला, दोघे तिला सारखेच दिसतात. मार्क ग्लिकमन या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने 1995 मध्ये ग्लिको पद्धत मांडली, तिने ही उणीव भरून काढली. तिच्यात प्रत्येक खेळाडूला दोन आकडे असतात : रेटिंग आणि त्याची अनिश्चितता. नवा खेळाडू 1500 रेटिंग आणि 350 अनिश्चितता घेऊन सुरुवात करतो. रेटिंगच्या दोन्ही बाजूंना अनिश्चिततेच्या दुप्पट अंतर सोडले की जो पट्टा तयार होतो, त्यात त्याची खरी ताकद सुमारे 95 टक्के खात्रीने असावी, असे मानले जाते. नवागताच्या बाबतीत हा पट्टा 800 ते 2200 इतका रुंद निघतो, म्हणजे पद्धत जवळजवळ ‘मला काही ठाऊक नाही’ असेच म्हणत असते. डाव होत जातात तसा पट्टा अरुंद होतो, आणि न खेळता काळ गेला की पुन्हा रुंदावतो.

दुरुस्तीचा आकार या अनिश्चिततेवर ठरतो. आपली अनिश्चितता वाढलेली असताना आलेला निकाल पद्धतीला मोठी माहिती वाटतो, म्हणून उडीही मोठी असते. प्रतिस्पर्ध्याची अनिश्चितताही विचारात घेतली जाते : ज्याच्याविषयी कोणालाच काही ठाऊक नाही अशा नवागताकडून हरलात तर आपले गुण कमी जातात, कारण त्या पराभवाचा अर्थ नेमका काय लावायचा हे स्पष्ट नसते. ही बाब मला एलोच्या तुलनेत फार न्याय्य वाटते. याच पद्धतीच्या पुढच्या आवृत्तीत, ग्लिको-2 मध्ये, खेळाडूच्या कामगिरीतील अस्थिरतेसाठी तिसरा आकडाही ठेवलेला आहे. लिचेस हे संकेतस्थळ ती आवृत्ती वापरते आणि अनिश्चितता 110 च्या वर असेपर्यंत रेटिंगपुढे प्रश्नचिन्ह लावते; आपण पाहिलेले चिन्ह बहुधा तेच असावे. डोटा 2 या गेमनेही 2023 मध्ये ग्लिकोचा स्वीकार केला.

प्रश्न : पाच विरुद्ध पाच असा ऑनलाइन गेम मी खेळतो. मी कितीही चांगला खेळलो तरी मला कच्चे सहकारी दिले जातात आणि माझे विजयाचे प्रमाण 50 टक्क्यांवरच अडकवून ठेवले जाते. कंपन्या हे मुद्दाम करतात, असे माझे ठाम मत झाले आहे. आपले म्हणणे काय?

उत्तर : हा प्रश्न सर्वांत अधिक वाचकांनी, आणि सर्वांत अधिक चिडून, विचारला आहे. कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर काय चालते हे बाहेरून तपासता येत नाही. पण आपण वर्णन केलेली परिस्थिती निर्माण व्हायला कोणत्याही कारस्थानाची गरज नाही, हे दाखवता येते.

आधी 50 टक्क्यांचे पाहू. आपण आपल्या खऱ्या पातळीच्या 100 गुण खाली असाल, तर समान रेटिंगच्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध आपण सुमारे 64 टक्के सामने जिंकाल. जिंकल्यामुळे रेटिंग वाढेल, रेटिंग वाढल्यामुळे प्रतिस्पर्धी बलवान होतील, आणि ज्या ठिकाणी आपण निम्मे जिंकता व निम्मे हरता तेथे ही चढण थांबेल. 50 टक्के हा या प्रक्रियेचा शेवट आहे. तो कोणी लादावा लागत नाही. सलग पराभवांच्या मालिकांचेही तेच. निव्वळ नाणेफेकीसारख्या 100 सामन्यांत कुठेतरी सलग 6 पराभव येण्याची शक्यता निम्म्याहून अधिक असते. ती रात्र आपल्याला लक्षात राहते. त्याच महिन्यातील सलग 6 विजयांची रात्र आपण स्वतःच्या कौशल्याच्या खात्यावर जमा करून विसरून जातो.

आता सहकाऱ्यांकडे वळू. समजा दर दहा खेळाडूंपैकी एक जण सामना अर्धवट सोडणारा किंवा मुद्दाम बिघडवणारा आहे. आपण तसे नसाल, तर आपल्या संघात अशा माणसासाठी चारच जागा आहेत आणि समोर पाच. आपल्या संघात किमान एक असा माणूस असण्याची शक्यता सुमारे 34 टक्के, समोरच्या संघात सुमारे 41 टक्के. दीर्घकाळात हा फरक आपल्या बाजूने असतो. शेकडो सामन्यांत सहकारी आणि प्रतिस्पर्धी बदलत राहतात. सर्व सामन्यांत हजर असणारी व्यक्ती एकच असते. हे ऐकायला बरे वाटत नाही, याची मला कल्पना आहे.

तथापि आपल्या तक्रारीत एक खरा गाभा आहे. सांघिक निकालातून एका खेळाडूची ताकद वेगळी काढणे मुळातच अवघड असते, कारण एका विजयाची माहिती पाच जणांत वाटली जाते. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या केंब्रिज येथील शाखेत तयार झालेली ट्रूस्किल ही पद्धत एक्सबॉक्सवरील गेमसाठी याच कामाकरिता योजली गेली. तिच्यात संघाची कामगिरी म्हणजे सदस्यांच्या कामगिरीची बेरीज मानली जाते, आणि निकाल कळल्यावर प्रत्येक सदस्याच्या अंदाजात त्याच्या अनिश्चिततेनुसार दुरुस्ती होते. ज्याच्याविषयी आधीच पुरेशी माहिती आहे त्याचा आकडा थोडाच हलतो, नवख्याचा पुष्कळ. सुरुवातीला सरासरी 25 आणि अनिश्चितता 25 भागिले 3 अशी धरलेली असते, आणि क्रमवारीसाठी सरासरीतून अनिश्चिततेची तिप्पट वजा केली जाते. त्यामुळे प्रत्येक नवागत बरोबर शून्यापासून सुरुवात करतो आणि जसजशी खात्री वाढते तसा वर चढतो. ही चढण पाहून आपण सुधारत आहोत असे वाटते. पुष्कळदा आपण होतो तेथेच असतो आणि पद्धतीला आपली ओळख पटत असते.

आणखी एक गोंधळ दूर करतो. लीग ऑफ लेजंड्ससारख्या अनेक गेममध्ये पडद्यावर दिसणारी श्रेणी आणि प्रतिस्पर्धी निवडण्यासाठी वापरले जाणारे छुपे रेटिंग या वेगळ्या गोष्टी असतात. दिसणारी श्रेणी खेळाडूला हुरूप वाटावा अशी रचलेली असते, हंगामाच्या सुरुवातीला ती खाली आणली जाते. छुपा आकडा मात्र आपले काम चालू ठेवतो. विजयाला 15 गुण मिळू लागले आणि पराभवाला 25 जाऊ लागले, तर आपले छुपे रेटिंग दिसणाऱ्या श्रेणीपेक्षा खाली आहे, असे सहसा समजावे. हा दुहेरीपणा मला स्वतःला रुचत नाही. लोकांचा अर्धा संशय त्यातूनच उगवतो.

प्रश्न : मग केवळ जय-पराजय न पाहता वैयक्तिक कामगिरी का मोजत नाहीत?

उत्तर : काही ठिकाणी मोजतात, ट्रूस्किलच्या 2018 मधील सुधारित आवृत्तीत तशी सोय आहे. पण जे मोजले जाते त्यासाठी खेळाडू खेळू लागतात. मारलेल्या शत्रूंची संख्या रेटिंगमध्ये धरली, की संघाला वाचवण्यासाठी मागे थांबणारा खेळाडू मूर्ख ठरतो. जय-पराजय हे माप ओबडधोबड आहे, पण त्याला फसवण्याचा एकमेव मार्ग म्हणजे जिंकणे.

प्रश्न : मार्च 2024 मध्ये मी एकही स्पर्धा खेळलो नव्हतो, तरी माझे फिडे रेटिंग 1500 वरून 1700 झाले. ही चूक तर नाही ना?

उत्तर : चूक नाही. 1 मार्च 2024 रोजी फिडेने क्लासिकल प्रकारात, म्हणजे लांब वेळेच्या डावांत, 2000 च्या खालील सर्व खेळाडूंचे रेटिंग एकदाच वाढवले. 2000 मधून आपले रेटिंग वजा करायचे आणि उरलेल्याचे 40 टक्के मिळवायचे : आपल्या बाबतीत 500 चे 40 टक्के, म्हणजे 200. सर्वांत खालची मर्यादा त्याच वेळी 1000 वरून 1400 वर नेण्यात आली.

असे का करावे लागले, यामागे एलो पद्धतीतील एक जुने दुखणे आहे. दोघांचा ‘के’ सारखा असेल तर एकाला मिळणारे गुण दुसऱ्याच्या खिशातूनच येतात. नवे गुण तयार होत नाहीत. आता मर्यादा 1000 होती तेव्हाचे चित्र पाहा : एखादा लहान मुलगा 1100 वर प्रवेश करतो, दोन वर्षांत झपाट्याने सुधारून 1800 पर्यंत जातो आणि वाटेत शेकडो गुण इतरांकडून गोळा करतो. ज्यांच्याकडून ते गेले त्यांचा खेळ मुळीच बिघडलेला नसतो. असे हजारो शिकाऊ खेळाडू एकाच वेळी येऊ लागले, की जुन्याजाणत्यांची रेटिंग हळूहळू झिजतात आणि 1500 या आकड्यामागची ताकद वाढत जाते. मुलांसाठीचा ‘के’ 40 हा यावरचा एक उतारा आहे, कारण त्यांना मिळणारे गुण समोरच्याच्या तोट्यापेक्षा जास्त असतात आणि तेवढे नवे गुण समूहात येतात; तो पुरा पडला नाही. इंटरनेटवर सराव करून फार बलवान झालेली मुले, पण पटावरचे स्पर्धात्मक डाव मोजकेच असल्यामुळे रेटिंग मात्र जुनेच, हे चित्र महासाथीनंतरच्या काळात तर अधिकच ठळक झाले. 2024 ची दुरुस्ती ही मोजपट्टीचे खालचे टोक पुन्हा वरच्या टोकाशी जुळवण्यासाठी होती. तेव्हा आपले अभिनंदन करता येत नाही, क्षमस्व.

प्रश्न : फुटबॉलच्या जागतिक क्रमवारीतही एलो वापरतात, हे खरे का?

उत्तर : होय. फिफाने महिलांसाठी 2003 पासून आणि पुरुषांसाठी 2018 पासून एलोवर बेतलेले सूत्र स्वीकारले आहे. पुरुषांच्या सूत्रात 400 ऐवजी 600 आहेत, आणि ‘के’ च्या जागी सामन्याचे महत्त्व येते : मैत्रीपूर्ण सामन्याला 5 किंवा 10, विश्वचषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना 50 आणि उपांत्यपूर्व फेरीपासून 60. मोठ्या स्पर्धेच्या बाद फेरीत हरलेल्या संघाचे गुण कापले जात नाहीत. ही सवलत काटेकोर गणिताच्या विरुद्ध आहे, पण बाद फेरीपर्यंत पोहोचल्याबद्दल संघाला तोटा व्हावा हे कोणालाच पटले नसते.

प्रश्न : मोजक्या लोकांनी आपापसांत खेळून रेटिंग फुगवता येते का?

उत्तर : येते, आणि त्याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. क्लॉड ब्लडगुड हा जन्मठेपेचा कैदी तुरुंगातच इतर कैद्यांशी रेटिंगसाठी धरले जाणारे डाव हजारोंच्या संख्येने खेळला आणि 1990 च्या दशकात त्याचे रेटिंग 2700 च्या वर जाऊन तो अमेरिकी यादीत अगदी वरच्या स्थानी पोहोचला. त्याने लबाडी केली असा आरोप झाला आणि त्याने तो नाकारला. लबाडी नसतानाही हे घडू शकते, हा यातील बोधप्रद भाग आहे : बंदिस्त समूहात बाहेरचे कोणी येत नसेल आणि नवशिके सुरुवातीला मिळालेले गुण एकाच्या हवाली करून निघून जात असतील, तर त्या एकाचा आकडा चढतच राहतो, कारण त्याला खाली खेचणारा बलवान प्रतिस्पर्धी भेटतच नाही.

उलट प्रकारही आहे. मुद्दाम हरून किंवा नवे खाते उघडून खालच्या गटात खेळायचे, याला ऑनलाइन खेळाडू ‘स्मर्फिंग’ म्हणतात. त्यावर ग्लिको किंवा ट्रूस्किलमधील अनिश्चितता काही अंशी उपयोगी पडते. नवे खाते भराभर जिंकू लागले तर ते काही सामन्यांतच वर फेकले जाते. मुद्दाम हरणाऱ्यावर मात्र कोणतेही सूत्र उपाय करू शकत नाही, कारण सर्व सूत्रे एकच गोष्ट गृहीत धरतात, ती म्हणजे खेळणारा जिंकू इच्छितो.

प्रश्न : रेटिंग वाढवायचे असेल तर आपल्यापेक्षा बलवान खेळाडूंशी खेळावे की दुबळ्यांशी?

उत्तर : आपले रेटिंग आपल्या ताकदीशी जुळत असेल, तर सूत्रानुसार काहीच फरक पडत नाही. 200 गुणांनी वरच्या खेळाडूविरुद्ध ‘के’ 20 असताना विजयाला 15.2 गुण मिळतात आणि पराभवाला 4.8 जातात, पण जिंकण्याची शक्यताही तितकीच कमी असते, आणि सरासरी शून्यावर येते.

प्रत्यक्षात वरच्यांशी खेळणे किंचित फायद्याचे पडते. याचे कारण असे की दोन्ही रेटिंगमध्ये योगायोगाचा अंश असतो. ज्याचा आकडा आपल्याहून बराच वर दिसतो, त्याच्या बाबतीत तो योगायोग त्याच्या बाजूने गेलेला असण्याची शक्यता थोडी अधिक असते, त्यामुळे दिसणाऱ्या फरकापेक्षा खरा फरक सरासरीने कमी निघतो. याला मोठा अपवाद म्हणजे लहान मुले. 1500 रेटिंगचा दहा वर्षांचा मुलगा समोर बसला, तर त्याचा आकडा मागच्या हंगामातील आहे असे धरून चालावे आणि बरोबरीचा प्रस्ताव आला तर तो स्वीकारण्याचा विचार करावा.